कारणाचा रकाना

मास्तर कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी चपला काढायचे. डिझाईनच्या खोलीच्या दाराशी चपला, मग गळ्यातली मापाची टेप काढून खुंटीला, मग पडद्यावर पांघरलेला टॉवेल उचलून त्याची चौघडी. बटण दाबलं की हात मांडीवर ठेवून बसायचे. यंत्र पुरतं जागं होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. मी ऑफिसातून काही विचारायला गेलो तर एक बोट वर करायचे. बोट खाली आलं की मी बोलायचं.

"उठल्या उठल्या कामाला जुंपलं तर मानूस तरी नीट काम करंल का, सायब?"

त्या चादरी-टॉवेलांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं ऑफिस मॅनेजर होतो. मास्तर डिझाईन करायचे. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. कारखान्यातही ते कुणी घेत नसे, त्याचं कारण पुढं येईलच. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बरंचसं हसू येण्यासारखं आहे. पण लिहायला बसलो तो त्यासाठी नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एक काम केलं आणि ते मास्तरांनी केलं असं सगळ्यांनी धरलं. मास्तरांनीही तसंच धरलं. मी तोंड उघडलं नाही. ते आता नीट करायचं आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, फार थांबून चालणार नाही.

मास्तरांचं घर विणकराचं, घरात बोली तेलुगू. बाहेर मात्र अस्सल सोलापुरी मराठी. पूर्वी डिझाईन म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना पाडलेली भोकं. कुठल्या भोकाने कुठला धागा वर उचलायचा हे मास्तरांच्या बोटांत होतं. पुढं कारखान्यात नवे माग आले, पुठ्ठे भंगारात गेले, आणि बावन्नाव्या वर्षी मास्तरांसमोर कॉम्प्युटर ठेवला गेला. तो बसवायला आलेल्या इंजिनिअरला त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला आठवतो.

"ह्याचं नाव काय?"

इंजिनिअरने कंपनीचं नाव सांगितलं.

"त्ये आडनाव झालं. ह्याचं स्वतःचं?"

इंजिनिअर हसला आणि गंमत म्हणून त्याने सेटिंग उघडून दाखवलं. तिथं यंत्राचं नाव होतं: डेस्कटॉप, मग आडवी रेघ, मग काहीतरी सात अक्षरं आणि आकडे एकात एक गुंतलेले. मास्तरांनी खिशातलं भिंग काढलं. ते धागे मोजायचं घडीचं भिंग होतं आणि ते त्यातून काहीही पाहायचे: वर्तमानपत्रातले फोटो, भाकरीचे पापुद्रे, माझ्या शर्टाचा काठ. भिंग पडद्याला लावून त्यांनी ते नाव वाचलं.

"असला नंबर कैद्याला असतोय. कामाच्या मानसाला नाव पायजे की."

मग सेटिंग, सिस्टिम, अबाउट आणि तिथं 'या पीसीचं नाव बदला' हा रस्ता त्यांनी इंजिनिअरकडून तीनदा गिरवून घेतला. कॉम्प्युटरमधली मास्तर शिकलेली ती पहिली गोष्ट. फाइल साठवणं नंतर.

आमच्याकडे कामाचे कॉम्प्युटर तीन होते. एक मास्तरांचा. एक माझ्या टेबलावर. आणि एक शेडमध्ये, जो मास्तरांच्या कॉम्प्युटरवरून डिझाईन ओढून घ्यायचा आणि मागांना पुरवायचा. शेडमधल्याने कधी त्रास दिला नाही, म्हणून तिचं भागीरथी हे नाव शेवटपर्यंत टिकलं. मास्तरांचा आधी मयूर होता आणि माझा श्रीपती. पण हे दोघे सारखे आजारी पडायचे. मयूर तर काम ऐन रंगात आलं की गोठायचा. इंजिनिअर चार दिवस येऊन बसला, काही जमेना. पाचव्या दिवशी मास्तरांनी चपला काढल्या, सेटिंगमध्ये गेले आणि मयूरचं नाव दगडू ठेवलं. माझ्या श्रीपतीचं धोंडू केलं. दोन्ही यंत्रं बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि चालू लागली.

"अहो मास्तर," इंजिनिअर म्हणाला, "ते रिस्टार्ट केल्यामुळं चालू झालं. नावानं नाही."

"मग चार दिस तुमी काय करत होता?"

सगळी खोली हसली. मास्तर हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायब, माझ्या आदी घरात दोन पोरं झाली. दोन्ही गेली. मी झालो तवा आज्जीनं मला उकिरड्यावर ठिवलं आन् दुसऱ्याचं पोर म्हून उचलून आनलं. नावबी तसलंच ठिवलं. आमच्या तेलुगूत त्येचा अर्थ उकिरडाच होतोय. चांगल्या नावावर नजर लागती. उकिरड्याकडं कोन बघतंय? बघा, मी वाचलो. यंत्र का न्हाय वाचनार?"

म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या नावाने हाक मारायला आम्हालाच कसंसं व्हायचं. त्यांना काही वाटत नसावं. की वाटायचं? खरंच सांगता येत नाही.

नाव बदललं की ते वहीत लिहायचे. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, जुनं नाव, नवं नाव, शेडला सांगितलं, कारण. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण भागीरथी मास्तरांच्या कॉम्प्युटरला नावाने हाक मारायची. नाव बदलल्याचं तिला सांगितलं नाही तर ती जुन्याच नावाने हाका मारणार. म्हणून मास्तर दर वेळी स्वतः शेडमध्ये जाऊन तिला नवं नाव शिकवून यायचे आणि मग चौथ्या रकान्यात 'व्हय' असं लिहायचे. नाव कोणी बदललं असा रकाना वहीत नव्हता. बदलणारा एकच होता.

पाचव्या रकान्याबद्दल ते फार कडक. नाव न बदलता नुसती दुरुस्ती झाली तरी नोंद आणि कारण हवंच. एकदा माझा धोंडू दिवसभर बंद होता. इंजिनिअरने दुरुस्त केला. मास्तर वही घेऊन उभे.

"कारन?"

"काय की मास्तर. माहीत नाही. झाला सुरू."

"म्हाईत न्हाय हे कारन न्हवं. कळंल तवा येऊन सांगा. तवर रकाना मोकळा ठिवतो." आणि त्या इंजिनिअरला ते पुढचे पंधरा दिवस दिसेल तिथं अडवत होते. शेवटी त्या बिचाऱ्याने वायरचं एक टोक सैल होतं हे शोधून काढलं तेव्हा सुटका झाली.

आता माझं काम.

त्या दिवशी धाकट्या मालकांबरोबर एक पाहुणे आले होते, मोठ्या हॉटेलांना टॉवेल पुरवणारे. त्यांना काही कागद छापून हवे होते. त्यांनी आपला लॅपटॉप आमच्या नेटवर्कला जोडला आणि समोर यंत्रांची यादी आली. दगडू. धोंडू. भागीरथी. पाहुणे हसू लागले. म्हणाले, "ऑफिस आहे की गोठा?" धाकटे मालकही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "काका, जरा नीट नावं द्या हो. बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "आजच बदलतो."

मास्तरांना सांगून बदलता आलं असतं. पण मग वही आली असती, कारणाचा रकाना आला असता आणि 'पाहुणे हसले' असं मला लिहून द्यावं लागलं असतं. जेवणाच्या सुट्टीत मास्तर डबा घेऊन लिंबाखाली गेले. मी डिझाईनच्या खोलीत शिरलो. चपला काढल्या नाहीत. सेटिंग, सिस्टिम, अबाउट. दगडूच्या जागी एक ऑफिसी नाव घातलं. अक्षरं होती, आकडा होता, नेमकं काय ते पुढं मला आठवेनासं झालं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तीन-चार मिनिटांचं काम. माझ्या धोंडूचं नंतर करू म्हणून मी जेवायला गेलो.

शेडला सांगायचं असतं हे मला माहीत होतं का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. वही मी शंभरदा पाहिली होती, चौथा रकाना वाचला होता. मग माहीत असायला हवं. पण त्या दुपारी ते माझ्या डोक्यात आलं नाही, हेही खरं आहे. निदान मला खरं वाटतं.

भागीरथी दगडूला हाका मारत राहिली. दगडू नावाचं कोणी उरलंच नव्हतं. असं झालं की ती आपल्याजवळ साठवलेली आधीची फाइल घ्यायची. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटायची, पण शेडमधल्या धडधडाटात ती वाचतो कोण?

त्या आठवड्यात मोहोळच्या एका गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाच्या चादरी मागावर होत्या. आहेरात द्यायच्या. चादरीच्या दोन टोकांना दोन मोर, एकमेकांकडे बघणारे. पहिल्या फाइलमध्ये मोरांची तोंडं बाहेर गेली होती. ही चूक मास्तरांनीच, मी नाव बदललं त्या दिवशी सकाळी, भिंगातून पकडली आणि मोर वळवून घेतले. दुरुस्त फाइल त्यांच्या यंत्रावर होती. भागीरथीने जुनी घेतली. दोन दिवस माग चालले आणि सगळ्या चादरींवर मोर एकमेकांकडे पाठ करून विणले गेले.

लग्न चार दिवसांवर आलेलं. मुलीचे वडील टेम्पो घेऊन चादरी न्यायला आले. एक उलगडली, दुसरी उलगडली. ओरडले नाहीत. चादर मांडीवर घेऊन ऑफिसातल्या बाकावर बसून राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आमी काय वाईट केलतं हो तुमचं?"

मालकांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. भागीरथीच्या पडद्यावरची बारीक अक्षरं वाचली गेली: दगडू सापडत नाही. थोरल्या मालकांनी विचारलं, "त्याचं नाव कोणी बदललं?"

विचारायची गरज नव्हती. सगळे मास्तरांकडे बघत होते. धाकटे मालक पाहुण्यांबरोबर बाहेरगावी गेले होते. ते असते तर? पण ते नव्हते. मी दाराजवळ उभा होतो, हातात फाइल.

मास्तरांनी वही उघडली. शेवटचं पान पाहिलं. मागचं पाहिलं. पुन्हा शेवटचं. मग भिंग काढलं आणि भिंगातून पाहिलं, जणू नोंद बारीक अक्षरात कुठंतरी लपली असेल. मग ते सगळ्यांना घेऊन डिझाईनच्या खोलीत गेले, सेटिंग उघडलं आणि ते नवं नाव वाचत उभे राहिले.

"असलं नाव मी कसं ठिवलं?" ते म्हणाले. कुणाला विचारत नव्हते. मग मालकांकडे वळले. "मीच बदललं असनार, मालक. हितं दुसरं कोन बदलतंय? लिवायचं राहिलं. शेडला सांगायचं राहिलं. मला आठवतच न्हाय."

'असणार.' तो शब्द ऐकला तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, मालक ओरडले की बोलू. मालक ओरडले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वय होतं मास्तर, चालायचंच." मला हायसं वाटलं. निभावलं, कुणाचं काही गेलं नाही, असं वाटलं. नव्या चादरी दिवसपाळी-रातपाळी करून विणून दिल्या, लग्नाच्या सकाळी पोचवल्या.

पंधरा दिवसांनी मास्तरांनी काम सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. जाताना वही तेवढी मागून घेतली. मला म्हणाले, "हात गेला तर मानूस सांगू शकतोय, हात गेला म्हून. डोकं जायला लागलं तर कोन सांगनार? तेच सांगनारं असतंय." मी म्हणालो, "असं काही नसतं हो मास्तर." यापलीकडे मी काही म्हणालो नाही. धाकटे मालक परत आले, नवं नाव बघून "छान केलं काका" म्हणाले आणि विसरले. त्यांनी दोन आणि दोन कधी जोडले नाहीत. कदाचित जोडले असतील आणि ते गप्प राहिले असतील. तेही मला माहीत नाही.

मीही निवृत्त झालो. गेल्या महिन्यात मुलाने पुण्याहून एक लॅपटॉप पाठवला, रोज समोरासमोर बोलता यावं म्हणून. फोनवर सांगत होता, "बाबा, त्याचं नाव बदला म्हणजे मला इकडून ओळखता येईल. सेटिंग, सिस्टिम, अबाउट." मी तिथपर्यंत गेलो. 'या पीसीचं नाव बदला' दिसलं आणि माझा हात पुढं जाईना. मुलगा तिकडून विचारत होता, "बाबा, दिसतंय का? बाबा?" मी दिसत नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. आत गेलो तर भिंतभर चिठ्ठ्या. गॅसजवळ पाटी टांगलेली: 'बंद केला, नऊ दहा.' दारामागे: 'किल्ली खिशात हाय.' गोळ्यांच्या डबीवर: 'सकाळची घेतली.' सगळं मास्तरांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात. मास्तर आत आंघोळीला गेले होते. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "काम सोडल्यापासनं असंच. एकटे भाईर जात न्हाईत. नात शाळंत होती तवा तिला आनायचं काम ह्यांचं होतं, त्येबी सोडलं. म्हनले, तिला तितंच इसरून आलो तर? आता कालेजात गेली ती. डाक्टरला तीनदा दाखवलं. डाक्टर म्हनतोय, कायबी झालं न्हाय. ह्ये म्हनत्यात, डाक्टरला काय ठावं, दगडूचं नाव मी बदललं आन् मला आठवत न्हाय."

मला बसायला खुर्ची दिली होती. मी उभाच राहिलो बहुतेक.

मास्तर टॉवेलने डोकं पुसत आले. मला पाहिलं आणि क्षणही न थांबता म्हणाले, "सायब! डाव्या डोळ्याचं आपरेशन केलं का? उजव्याचं आदी झालतं तुमचं." मग माझ्या शर्टाचा काठ धरून भिंग लावलं. "ह्यो आपल्याकडचा न्हवं. पन बरा हाय." कारखान्यातल्या एकेकाची चौकशी केली, प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचं दुखणं. एकही चुकलं नाही.

वहिनींनी चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "मास्तर, दगडूचं नाव मी बदललं होतं."

ते भिंगाची घडी घालत होते. घडी घालून झाली.

"किती वाजता?"

"जेवायच्या सुट्टीत. तुम्ही लिंबाखाली गेला होता."

"त्या दिशी डब्यात शेंगाची चटनी न्हवती. हिनं द्यायची राहिलती. कोरडी भाकर खाल्ली मी." मग म्हणाले, "नाव काय घातलं तुमी?"

मी खूप आठवलं. "ते... आठवत नाही मला."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डी, ई, एस. मदी आडवी रेघ. शून्य. एक." एकेक अक्षर मांडीवर बोटाने लिहीत म्हणाले. "आठ वर्सं इचार करतोय, असलं नाव माझ्या डोस्क्यात आलंच कसं? तान्या लेकराला कोन असलं नाव ठिवतं का? मला वाटलं, माझ्या आत कोन दुसराच बसलाय." मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी इसरलो नव्हतो?"

"नाही."

"कायच इसरलो नव्हतो?"

"नाही, मास्तर."

ते आत वळून तेलुगूत काहीतरी बोलले. वहिनी दारातच होत्या, त्यांनी सगळं ऐकलंच होतं. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत घेऊन गेल्या. चहा गार झाला म्हणून नेला, की मला द्यायचा नाही म्हणून नेला? मी दाराकडे बघत बसलो. शेवटी मास्तर म्हणाले, "अगं, चहा दे की त्यांना." मग कप परत आला. गरम होता. पण त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, खाली ठेवला.

मास्तर आतून लाल वही घेऊन आले. शेवटची नोंद उघडली. चादरींची चूक उघड झाली त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः लिहिलेली: तारीख, दगडू, डीईएस-०१. चौथ्या रकान्यात 'न्हाय'. पाचवा मोकळा. अख्ख्या वहीत कारणाचा तेवढा एकच रकाना मोकळा.

"समासात तुमचं नाव लिवा."

मी लिहिलं.

"आता कारन."

"धाकट्या मालकांचे पाहुणे नावं वाचून हसले, म्हणून."

"त्ये नाव बदलल्याचं झालं. बारीक अक्षरात लिवा, म्हंजे जागा उरंल. तुमी गप का बसला, त्येचं कारन?"

मी पेन धरून बसलो. मालकांची भीती? मालक मला काही बोलले नसते, इतकी वर्षं तिथं काढलेला माणूस मी. लाज? सुरुवातीला असेल, पण लाज एवढी वर्षं टिकते? मास्तरांचं काही बिघडलं नाही असं समजून? पण ते काम सोडून गेले तेव्हा बिघडलं हे दिसलंच होतं. मी सगळं म्हणून दाखवलं. मास्तर प्रत्येकाला 'नाही' अशी मान हलवत होते, त्या इंजिनिअरच्या कारणांना हलवायचे तशीच.

"मला माहीत नाही, मास्तर."

"म्हाईत न्हाय हे कारन न्हवं." ते रागावले नव्हते. की रागावले होते? आवाजावरून कळलं नाही. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "घरी न्या. कळंल तवा लिवून आना. गुरवारी मी रिकामा असतोय."

ते तर सातही दिवस रिकामे असतात.

एका गुरुवारी मी वही घेऊन गेलो, रकाना मोकळाच. दारातूनच विचारलं, "लिवलं?" मी म्हणालो, "अजून नाही." "बसा मग." बसलो. चहा आला. भिंतीवरच्या काही चिठ्ठ्या निघाल्यासारख्या वाटल्या, पण मोजल्या नव्हत्या, त्यामुळं खात्री नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो तर वहिनी पायरीवर उभ्या होत्या, गल्लीच्या टोकाकडे बघत.

"घरात न्हाईत," त्या म्हणाल्या. "नव्या पेठंत गेल्यात. एकटेच. चिट्टीबी लिवली न्हाय. काळा दोरा आनतो म्हनले. दोन तास झाले की ओ."

मी चप्पल तशीच पायात ठेवून पायरीवर बसलो. नव्या पेठेतली गर्दी, रिक्षा, मास्तरांचं वय, सगळं डोळ्यांसमोर येऊ लागलं. आणि त्याच वेळी, मी सांगितलं नसतं तर ते गेलेच नसते, असाही विचार आला, आणि तो विचार चांगला की वाईट ते कळेना. वहिनी पहिल्यांदाच माझ्याजवळ बसल्या. दोघंही गल्लीकडे बघत राहिलो.

मास्तर आले ते चालत, सावकाश, कापडाच्या दुकानांच्या दोन पिशव्या हातात. एका पिशवीतून त्यांनी टॉवेल काढला, काठाला भिंग लावून मला दाखवला. "बघा, काय सफाई हाय. चार दुकानं हिंडलो." मग पेरू निघाले. मग पाट्यांवर लिहायचा खडू, पण तो त्यांनी बघून तसाच खिडकीत ठेवून दिला.

"दोरा कुटं हाय?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी दोन्ही पिशव्या झटकल्या. खिसा चाचपला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अय्यो," ते म्हणाले, "इसरलोच की!"

आणि हसले. कुणीही विसरतो आणि हसतो, तसे. वहिनी कपाळावर हात मारून तेलुगूत काहीतरी बोलत आत गेल्या.

मास्तर पायरीवर माझ्याशेजारी टेकले. माझ्या मांडीवरच्या वहीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"लिवलं?"

"अजून नाही."

"बसा मग," मास्तर म्हणाले आणि एक पेरू माझ्या हातात दिला.